डोळे मिचकावणे, मान झटकणे, घसा खाकरणे : हा टुरेट सिंड्रोम असू शकेल का?

प्रश्न (एक आई, इंदिरानगर, नाशिक)

माझा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासून सतत डोळे मिचकावू लागला. नेत्रतज्ज्ञांना काही दोष आढळला नाही. दिवाळीनंतर ते कमी झाले, पण मान एका बाजूला झटकणे सुरू झाले आणि आता त्याच्या जोडीला घसा खाकरणे व मधूनच ‘हंऽ’ असा आवाज काढणे आले आहे. रागावले की थोडा वेळ थांबतो आणि मग दुपटीने करतो, त्यामुळे सासूबाईंना हे मुद्दाम केल्यासारखे वाटते. शेजारणीने तर दृष्ट काढायला सांगितले. तबल्याच्या क्लासमध्ये मात्र हात चालू असेपर्यंत यातले काहीच दिसत नाही. एमआरआय करून घ्यावा का?

उत्तर १ (बालरोगतज्ज्ञ)

तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, तरी आपण दिलेले वर्णन टिक्सचे, म्हणजे इच्छा नसताना अचानक आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींचे किंवा आवाजांचे, वाटते. टुरेट सिंड्रोम या दीर्घकाळ टिकणाऱ्या टिक-विकाराचे निदान इतिहास आणि निरीक्षण यांवरच होते: हालचालींच्या किमान दोन आणि आवाजाची किमान एक टिक कधी ना कधी दिसलेली असावी, पहिल्या टिकपासून एक वर्षाहून अधिक काळ लोटलेला असावा, सुरुवात अठराव्या वर्षाच्या आत झालेली असावी आणि त्यामागे एखादे औषध किंवा दुसरा आजार नसावा. रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये टुरेट दिसत नाही. आकडी किंवा अन्य आजाराची शंका आली तरच डॉक्टर ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) अथवा एमआरआय सुचवतात.

तो हे मुद्दाम करत नाही. टिकपूर्वी अनेक मुलांना आतून एक अस्वस्थता जाणवते. शिंक दाबावी तशी टिक थोडा वेळ दाबता येते, पण कायमची नाही. एखाद्या कामात मन गुंतले की टिक्स कमी होणे, जुनी जाऊन नवी येणे, हेही नेहमीचेच आहे. तोंडून शिव्या निघणे म्हणजेच टुरेट, हा चित्रपटांनी पसरवलेला समज आहे. प्रत्यक्षात ते थोड्याच रुग्णांत आढळते.

उत्तर २ (एक पालक, नाशिकरोड)

दवाखान्यात पाऊल टाकताच आमच्या मुलीच्या टिक्स गायब होत, म्हणून घरीच, तिच्या नकळत, मोबाइलवर छोटे व्हिडिओ घेतले आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवले. त्यांना त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला. तिला टिक्सपेक्षा अभ्यासातील चंचलतेचा त्रास जास्त होता. एडीएचडी (एकाग्रतेचा अभाव व अतिचंचलता) आणि ओसीडी (नको असलेले विचार व कृती पुन्हा पुन्हा होणे) ही टुरेटसोबत वारंवार आढळणारी दुखणी आहेत, तेव्हा त्यांबद्दल आवर्जून विचारावे.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. व्हिडिओचे सुचलेच नव्हते. औषध लगेच सुरू करावे लागते का?

उत्तर ३ (बालरोगतज्ज्ञ)

नाही. मान दुखत नसेल, झोप, अभ्यास आणि मित्र यांत अडथळा येत नसेल, तर घरच्यांना व शाळेला समजावून सांगून वाट पाहणे हाही उपचारच आहे. बहुतेकांत टिक्स दहा ते बारा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतात आणि किशोरवयाच्या अखेरीस ओसरतात. त्रास होत असल्यास सीबीआयटी ही वर्तनोपचार पद्धती आधी वापरावी. तीत मूल टिकची चाहूल ओळखून तिच्या आड येणारी दुसरी हालचाल करायला शिकते. त्यासाठी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ लागतो, आणि तो शोधणे हेच आपल्याकडे औषधापेक्षा अवघड काम आहे. औषधांत क्लोनिडिन, ग्वानफसीन, तर गरज पडल्यास ॲरिपिप्रॅझोल किंवा रिस्पेरिडोन देतात. पहिल्या दोहोंनी झोप येते व रक्तदाब उतरू शकतो, शेवटच्या दोहोंनी वजन वाढू शकते. क्लोनिडिन स्वतःहून अचानक बंद केल्यास रक्तदाब एकदम वाढू शकतो.

उत्तर ४ (शिक्षिका, पंचवटी)

वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी जरूर द्यावी. माझ्या वर्गातील अशा एका मुलाला मी दाराजवळच्या बाकावर बसवत असे आणि न विचारता बाहेर फिरून येण्याची मुभा देत असे. ‘आवाज करू नकोस’ असे त्याला वर्गासमोर म्हटले, की त्या तासाला हमखास वाढ होई. दुर्लक्ष केले, की इतर मुलेही आठवडाभरात त्याकडे पाहीनाशी झाली.