बाटलीवरचे २० मिलिग्रॅम म्हणजे नेमक्या किती सिगारेटी?

लेस्टरकर: बारा वर्षे दिवसाला दहाएक सिगारेटी ओढल्यानंतर त्या सोडण्यासाठी मी व्हेपकडे, म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ ओढायच्या ई-सिगारेटकडे, वळलो आहे. इथल्या, ब्रिटनमधल्या, दुकानातून आणलेल्या १० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘२० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर’ असे छापले आहे, म्हणजे सबंध बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटिन झाले. पूर्वी सिगारेटच्या पाकिटावर एका सिगारेटमागे १ मिलिग्रॅमच्या आसपासचा आकडा असे. त्या हिशेबाने ही बाटली दोनशे सिगारेटींची ठरते. माझी बाटली पाच दिवसांत संपते, तेव्हा मी दिवसाला चाळीस सिगारेटींइतके निकोटिन घेतो आहे का?

जुना धूम्रपानी: आपला गुणाकार बरोबर आहे, पण तुलना चुकते आहे. एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम निकोटिन असते, मात्र त्यातले बरेचसे जळून किंवा धुरावाटे हवेत जाते आणि ओढणाऱ्याच्या शरीरात सुमारे १ ते दीड मिलिग्रॅम पोहोचते. पाकिटावरचा जुना आकडा यंत्राने ठरावीक झुरके घेऊन काढलेला असे. फिल्टरभोवती बारीक छिद्रांची जी कडी असते ती माणसाच्या बोटांनी किंवा ओठांनी झाकली जाते, यंत्राकडून मात्र ती उघडीच राहते. त्यामुळे तो आकडा फसवा ठरला आणि युरोपात २०१६ पासून पाकिटावरून काढून टाकला गेला. बाटलीवर छापलेली असते ती द्रवाची तीव्रता, म्हणजे तंबाखूतल्या साठ्यासारखी गोष्ट; त्यातले किती शरीरात जाईल हे उपकरण आणि आपले झुरके ठरवतात. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात २० ची कमाल मर्यादा घातली, तीही सिगारेट ओढायला लागतो तेवढ्या वेळात तिच्याइतपत निकोटिन मिळावे, या विचाराने. ब्रिटनमध्ये तीच मर्यादा आजही लागू आहे.

कॉईलवाला: उपकरणाचा मुद्दा मी भोगून शिकलो आहे. लहान पॉडमध्ये (कमी शक्तीच्या, द्रवाची छोटी कुपी बसवायच्या उपकरणात) वापरायचे २० चे सॉल्ट लिक्विड मी एकदा मोठ्या वॅटच्या, भरपूर वाफ सोडणाऱ्या उपकरणात भरले आणि चार झुरक्यांत घाम फुटला, मळमळू लागले, डोके गरगरू लागले. तशा उपकरणाला ३ किंवा ६ चे लिक्विड पुरते, कारण एका झुरक्यात कितीतरी जास्त द्रव वाफेत जातो. सॉल्ट प्रकारात आम्ल मिसळल्यामुळे घसा खवखवत नाही, आणि म्हणूनच जास्त झाल्याची सूचना घसा देत नाही. साध्या निकोटिनचे १८ चे लिक्विड पहिल्याच झुरक्याला ठसका आणून थांबवते, हे त्याचे एक भलेच म्हणायचे. आपले उपकरण लहान पॉडचे असेल आणि मळमळ वा धडधड होत नसेल, तर २० सोडण्याची घाई करू नका. कमी तीव्रतेचे घेऊन तलफ भागली नाही, तर माणूस दिवसभर नळी तोंडात धरून बसतो, नाहीतर पुन्हा सिगारेटकडे जातो.

लेस्टरकर: उपकरण लहान पॉडचेच आहे आणि त्रास काही नाही. पुढच्या महिन्यात साताऱ्याला तीन आठवडे जायचे आहे. हे सामान सोबत नेता येईल का?

जुना धूम्रपानी: नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवण या सगळ्यांवर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. त्याऐवजी २ मिलिग्रॅमची निकोटिनची च्युइंगगम तिथल्या औषधांच्या दुकानात मिळते. ती साध्या गमसारखी सतत चघळायची नसते: तिखटसर चव येईपर्यंत हळू चावावी, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवावी, चव गेली की पुन्हा चावावी, कारण गिळलेल्या लाळेतले निकोटिन फारसे उपयोगी पडत नाही, उलट उचकी आणि जळजळ होते. ती घेण्याच्या जरा आधी आणि ती तोंडात असताना चहा घेऊ नका. साताऱ्यात हेच सर्वांत अवघड जाईल.