शब्दचर्चा : मिस्सा

‘ह्यांच्या वर्षाची मिस्सा ठेवलीय रविवारी, तू ये गं,’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या आणि मी पहिल्यांदा कॅथलिक चर्चमध्ये गेले. मिस्सा म्हणजे तिथला फादरांनी चालवायचा मुख्य विधी. सांगलीत सगळा जन्म गेला, पण मिस्सा ‘ठेवतात’ हे माहीत नव्हतं. आपण सत्यनारायण ठेवतो, तसंच. फादरांनी काकांचं नाव घेऊन ती ‘अर्पण’ केली आणि बाहेर पडताना बायका ‘मिस्सा चांगली झाली’ म्हणत होत्या. म्हणजे शब्द स्त्रीलिंगी.

पुढचे दोन बाक रिकामे, मागे दाटी, पुरुषमंडळी दारात उभी. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचायची वेळ झाली तसे सगळ्यांचे अंगठे कपाळ, ओठ, छाती असे फिरले. तीन बारके क्रूस. पुढच्या आजींनी डोक्यावरचा पदर जराही न ढळू देता ते केलं. शांतीची खूण द्यायची म्हणजे हात मिळवतील असं वाटलं होतं, पण लोक वळून वळून नमस्कार करत होते. मलाही केला. ख्रिस्तप्रसाद (फादर देतात ती पवित्र भाकर) झाल्या झाल्या मागची बरीच मंडळी हळूच निघाली. मीही उठले, तर काकूंनी हात धरला. ‘थांब, शेवटचा आशीर्वाद व्हायचाय.’

मिस्साला ‘प्रार्थना’ म्हटलेलं काकूंना चालत नाही. प्रार्थना घरीही होते, मिस्साला फादर लागतात. मिरजेच्या माझ्या प्रोटेस्टंट मैत्रिणीकडे रविवारी ‘उपासना’ असते आणि ती ‘पाळक’ चालवतात. मग मिस्सा हा शब्द आला कुठून?

प्रतिसाद :
ताई, मी मूळची वसईची, लग्न होऊन सांगलीत आले. शब्द लॅटिन, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. नाताळ, क्रूस, पाद्री आले तसाच. गोव्याच्या कोकणीत त्याचं ‘मीस’ झालं. आमच्या पत्रिकांवर ‘पवित्र मिस्साबलिदान’ छापतात, बोलताना मात्र नुसती मिस्सा. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962–65) विधी लॅटिनमध्ये चाले. त्याच्या शेवटी फादर म्हणत, ‘इते, मिस्सा एस्त’ : जा, पाठवणी झाली. त्या शेवटच्या वाक्यावरूनच अख्ख्या विधीला नाव पडलं. पुढे विधी मराठीत आला, नाव तेच राहिलं.

लेखिका :
किती छान सांगितलंत! वाचल्यावर लगेच आपला ‘निरोप’ आठवला. निरोप घेतो, निरोप देतो, निरोप धाडतो. जाणं आणि सांगावा, दोन्ही त्या एकाच शब्दात. मिस्साला मराठी प्रतिशब्द सुचवायचा झाला तर माझ्या मते ‘प्रार्थना’पेक्षा ‘निरोप’ जवळचा आहे. अर्थात वापरात तो येणार नाही आणि यायची गरजही नाही. काकूंचा शब्द काकूंचाच राहावा. आणखी एक. पाठवणे या अर्थाच्या त्याच लॅटिन धातूवरून ‘मिशन’ झालं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल आपण लहानपणापासून म्हणत आलो, ते प्रोटेस्टंटांनी काढलेलं. विधीचं नाव वेगळं, पंथ वेगळा, शब्दाचं मूळ मात्र एकच.

काकूंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच तुला उठू दिलं नाही. निरोप न घेता कोण जातं गं?’