एकाच दगडाखाली दोघी (अनुभव धागा)

चाफेकळी
काल मत देऊन आले. अमेरिकेत पहिल्यांदाच. रांगेत पुढे दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, आणि मला एकदम वुडलॉन आठवलं.
नवीन होते तेव्हा ब्रॉन्क्सला मावशीकडे राहायचे, दुपारी त्या दफनभूमीत फिरायला जायचे. तिथे कॅरी चॅपमन कॅट आहेत. १९२० ची १९वी घटनादुरुस्ती, बायकांना मत, त्या लढ्याच्या म्होरक्या. दोनदा लग्न झालेलं, दोन्ही नवरे आधीच वारलेले. पण दगडावर शेजारचं नाव मेरी गॅरेट हे (Hay) यांचं! खाली कोरलंय, एका मोठ्या कार्याच्या सेवेत ३८ वर्षं मैत्रीने बांधलेल्या दोघी इथे आहेत. अक्षरांत माती बसली होती, ती नखाने काढत बसले. मेरी गेली १९२८ ला, कॅट १९४७ ला. एकोणीस वर्षांनी परत तिच्याशेजारीच.
तेव्हा मी माझं घरी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मावशीने विचारलं, रोज काय बघतेस तिथे? काय सांगणार.
तुम्हाला अशा कोणी भेटल्या असतील तर लिहा ना.

कुकरशिट्टी
तिसरी शिट्टी व्हायच्या आत लिहिते. लंडनमध्ये आमच्या गायकवृंदाने संगीतकार एथेल स्मिथचं (Smyth) मताधिकाराचं कूचगीत बसवलं होतं. १९१२ ला बाई हॉलोवे तुरुंगात. खाली आवारात बायका गातायत आणि ही वरच्या खिडकीतून दात घासायच्या ब्रशने ताल देतेय! आमच्या कार्यक्रमपत्रिकेत हे सगळं छापलं होतं. तिचं बायकांवर प्रेम होतं, चळवळीच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्टवर तर जीव होता, त्यावर एक ओळ नाही. मी विचारलं तर म्हणे जागा नव्हती. झाली शिट्टी, पळते.

नानाचा_मळा
त्या काळी मैत्रिणी एकत्र राहायच्याच की. आजचे शब्द त्यांना का चिकटवायचे?

चाफेकळी
नाना, शब्द नका चिकटवू, मान्य. पण शेजारी कोण हवं ते बाईंनी स्वतः ठरवलं होतं. तेवढं तर वाचूया.

गिरणगाव_ते_मँचेस्टर
ईव्हा गोर-बूथ!! आयर्लंडच्या जमीनदाराची पोर, १८९६ ला इटलीत एस्थर रोपर भेटली आणि वाडा सोडून मँचेस्टरच्या धुरात तिच्याकडे राहायला आली. दोघींनी गिरण्यांतल्या बायकांना मताधिकारासाठी उभं केलं. १९०१ च्या अर्जावर लँकेशायरच्या २९ हजारांवर कामगार बायकांच्या सह्या! माझी आजी लालबागला वाइंडिंग खात्यात होती, अंगठा द्यायची. त्यामुळे तो आकडा वाचून मला भरून आलं. या दोघीही एकाच कबरीत आहेत, लंडनला हॅम्पस्टेडमध्ये.

मीनल_७
मँचेस्टर म्हणालात म्हणून, चांगला हिंग कुठे मिळतो तिथे?

गिरणगाव_ते_मँचेस्टर
विल्मस्लो रोडला. शनिवारी जातेय, आणू का?

शाईचा_डाग
अॅलिस डनबार-नेल्सनला विसरू नका. कृष्णवर्णीय लेखिका, १९१५ ला पेनसिल्व्हेनियात मताधिकारासाठी सभा घेत फिरली. बायकांवरचं तिचं प्रेम कळलं ते डायरीमुळे. डायरी जपली गेली म्हणून, नाहीतर तेही गेलंच होतं.

सातारची_लेक
विषय थोडा सोडून. मुंबई इलाख्यात बायकांना मत १९२१ ला, तेही मालमत्तेच्या अटीवर. आमची आत्या शाळेत शिकवायची. ती आणि दुसऱ्या बाई, एका बिऱ्हाडात ४१ वर्षं. मतदानाला बरोबर जायच्या, एक छत्री. आत्या गेली तेव्हा पेपरातल्या बातमीत सगळे भाऊ, भाचे, सुना. बाईंचं नाव कुणी घातलं नाही. मुद्दाम नव्हे हो, आम्हाला सुचलंच नाही, आणि तेच जास्त टोचतं. बाई काही बोलल्या नाहीत. कात्रण मागून घेतलं आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं.

कुकरशिट्टी
अगं बाई. हे वाचून हातातली पोळी तशीच राहिली.

नानाचा_मळा
ताई, बाई आहेत का अजून?

सातारची_लेक
नाही दादा. २०१६ ला गेल्या. त्यांची बातमी मी दिली, त्यात आत्याचं नाव पहिलं घातलं.

चाफेकळी
रविवारी वुडलॉनला जाणारे. न्यूयॉर्कचं कोणी येतंय?

शाईचा_डाग
मी येते. ४ नंबरच्या गाडीचं शेवटचं स्टेशन ना?

चाफेकळी
हो, शेवटचंच. जिन्याखाली थांबते.