मसाजच्या टॉवेलांचा खवट वास जात नाही, मदत हवी आहे

छोटा स्पा आहे, रोज १५-१६ टॉवेल निघतात. धुऊन वाळवल्यावर वास नसतो. हॉट टॉवेल कॅबिनेटमध्ये गरम झाले की खवट तेलाचा भपका येतो. तेल बदामाचं. फ्रंट लोड मशीन, ६० अंश, ड्रम अर्धाच भरते. सॉफ्टनर बंद केलं (त्याचा थर तेल धरून ठेवतो), धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवलं, व्हिनेगरचा काडीचा उपयोग नाही. टॉवेल सुती, गडद रंगाचे, म्हणून ब्लीच नको. ड्रायरही नको, तेल राहिलेल्या कपड्यांचा गरम गठ्ठा आपोआप पेटू शकतो. धुण्याआधी भांडी घासायचं लिक्विड चोळावं की लायपेज (तेल-चरबी तोडणाऱ्या) एन्झाइमवाल्या पावडरीत भिजवावं? किती गरम पाण्यात, किती वेळ? की धाग्यात मुरून चिकट झालेलं तेल आता निघतच नाही?