मदत हवी आहे: लिस्बनची धावती भेट, सिंत्रा करू की बेलेम?

रानपाखरू
लिस्बनला जाऊन आलेल्यांनी कृपया लवकर उत्तर द्या, आज रात्री तिकिटं काढायची आहेत. लंडनला भावाकडे आलोय, परतताना लिस्बनला थांबणार आहोत. मी आणि आईबाबा. वेळ अगदी कमी आहे. भाऊ म्हणतो लिस्बनजवळचं डोंगरातलं सिंत्रा बघायचं नसेल तर तिकडे जाऊच नका. बाबांना लिस्बनमधलंच नदीकाठचं बेलेम बघायचंय. दोन्ही एका दिवसात होतं का? "पाहण्यासारखी पंचवीस ठिकाणं" छापाच्या याद्या वाचून डोकं फिरलंय, त्या देऊ नका. प्रत्यक्ष गेलेल्यांनीच सांगा.

पायवाट
सिंत्रा. डोळे झाकून सिंत्रा. रॉसिओ स्टेशनवरून लोकल सुटते, चाळीसेक मिनिटांत पोचवते. लिस्बनमध्ये ऊन असतं आणि सिंत्राच्या डोंगरावर धुकं. त्या धुक्यातून पेना राजवाड्याचे लाल-पिवळे बुरूज वर येतात. राजा फर्डिनांड दुसरा याने एकोणिसाव्या शतकात पडक्या मठाच्या जागी तो बांधला. राजवाड्याच्या आत जायचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, ते आधीच काढा. नंतर बसने काबो दा रोकाला जा, युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक. बेलेममध्ये एक मठ, एक बुरूज आणि एक स्मारक. ते फोटोतही दिसतं.

देशपांडे_काका
ताई, लिस्बनपेक्षा पोर्तोला जा. रेल्वेने तीन-सव्वातीन तास. दोरू नदीचा काठ, लुईश पूल, गर्दी कमी, खर्च कमी. आणि प्रवासाचा विमा काढलाय ना? शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोचं संरक्षण लागतं.

मृद्गंध
रानपाखरू, वार कोणते? महिना कोणता? मुक्काम गावात की विमानतळाजवळ? आईबाबांची वयं काय, चालणं कितपत? हे कळल्याशिवाय दिलेलं उत्तर अंदाजपंचे होईल.

रानपाखरू
काका, व्हिसा-विमा सगळं झालंय, आणि पोर्तो नको, विमान लिस्बनहून आहे.
मृद्गंध, ऑक्टोबर. रविवारी रात्री उतरतोय, मंगळवारी संध्याकाळी विमान. हॉटेल ओरिएंते स्टेशनजवळ. बाबा बहात्तर, आई सहासष्ट. चालतात दोघं. प्लीज मुद्द्याचं सांगा.

मृद्गंध
मुद्द्याचंच विचारलं होतं. तुमच्या हातातला पूर्ण दिवस सोमवार आहे आणि बेलेमचा जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. सोमवारची आखणी बेलेमभोवती करत असाल तर आत्ताच थांबा.

पायवाट
मग प्रश्नच मिटला. सोमवारी सिंत्रा.

तळ्याकाठी
मिटला नाही. "चालतात" म्हणजे किती आणि कुठे? लिस्बन सात टेकड्यांचं गाव म्हणतात, आणि पायांना ते पहिल्या तासात कळतं. फुटपाथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे. वर्षानुवर्षांच्या पावलांनी दगड गुळगुळीत झालेत. रॉसिओ चौकात काळ्या-पांढऱ्या लाटांची नक्षी आहे, ती पाहून जीव हरखतो. पण पावसाची एक सर आली की त्यावर पाय टाकायची भीती वाटते, आणि ऑक्टोबरात पाऊस येतो. चांगल्या पकडीचे बूट हवेतच. गुडघ्याचं वगैरे काही आहे का?

रानपाखरू
बाबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली आहे. सपाटीवर छान चालतात, जिने सावकाश चढतात. उतरताना त्रास होतो.

बेलेमचं कारणही सांगते. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. दरवर्षी वर्गात वास्को द गामा शिकवला, नकाशा काढून, लिस्बनपासून कालिकतपर्यंत. त्याची कबर तिथे आहे ती त्यांना बघायची आहे. बाकी कुठल्याच जागेचं त्यांनी नाव काढलेलं नाही.

मृद्गंध
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर एवढी चर्चाच झाली नसती. मग बेलेम, मंगळवारी सकाळी, दार उघडायच्या वेळेला. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवा.

कबर मठाच्या चर्चमध्ये, आत शिरल्यावर लगेच. एका बाजूला वास्को द गामा, समोर कवी कामोइंश. आम्ही २०२५ च्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा चर्चला तिकीट नव्हतं. वरच्या मठाच्या चौकाला होतं आणि त्याची रांग वेगळी होती. कोणती रांग कशाची ते तिथल्या माणसाला विचारून घ्या. आत गेल्यावर वर बघा. दगडी खांब झाडासारखे वर जाऊन छताला फुटलेत. कोरीव कामात दोरखंड, गाठी, समुद्रातल्या वनस्पती. मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून हे बांधलं गेलं. मिरी-दालचिनीचे पैसे दगडात उभे राहिलेले बघून मी बराच वेळ गप्प होते.

तुमच्या बाबांना ठाऊक असेलच, तो वारला कोचीला, १५२४ मध्ये. आधी तिथल्याच सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरलं होतं, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. जेरोनिमोसमध्ये आले ते थेट १८८० मध्ये.

बेलेमचा बुरूज तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता. उघडला असला तरी बाबांना आत नेऊ नका, अरुंद गोल जिना आहे. बाहेरून, पाण्याच्या काठाने बघा.

वसईकर
एवढ्या लांब जाऊन वास्को द गामाच्या कबरीवर जायचं? १५०२ च्या दुसऱ्या सफरीत याच माणसाने मक्केहून परतणारं 'मीरी' जहाज बायकामुलांसकट जाळलं. आपल्याकडे पोर्तुगीजांनी काय केलं ते वसईला येऊन बघा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. त्या स्वारीतल्या घंटा आजही देवळांत टांगलेल्या आहेत, नाशिकला नारोशंकराची घंटा त्यातलीच सांगतात. त्या आधी दाखवा बाबांना.

तळ्याकाठी
अवांतर होतंय. नाशिकला जाऊ की लिस्बनला, असा प्रश्न नाहीये.

वसईकर
अवांतर कसं? ती स्मारकं त्या लोकांनी स्वतःच्या कौतुकासाठी उभारलीत. नदीकाठचं ते गलबताच्या आकाराचं शोधयात्रांचं स्मारक १९६० मधलं, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतलं. ते बघताना आपण कोण आहोत ते लक्षात असावं, एवढंच म्हणणं आहे.

रानपाखरू
वसईकर, बाबा वर्गात मीरी जहाजाचंही शिकवायचे. पुस्तकात नव्हतं तरी. कबर बघायची म्हणजे नमस्कार करायला जायचं असं थोडंच आहे? ज्या माणसाबद्दल जन्मभर बोललो तो शेवटी कुठे पडलाय ते बघायचं आहे त्यांना. नारोशंकराची घंटा त्यांनी पाहिली आहे, आमचं आजोळ नाशिकचं.

वसईकर
हे मात्र पटलं. घेऊन जा त्यांना.

मडगांवकार
तुमचे बाबा किंवा आजोबा गोव्यात जन्मलेले आहेत का? १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा जन्म असेल तर पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो, नातवंडांपर्यंत. जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधकाकडे चढवावी लागते. आमच्या वाड्यावरची अर्धी घरं अशीच रिकामी झालीत. आधी पासपोर्ट पोर्तुगालचा, मग मुक्काम इंग्लंडात. पण भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, हे दलाल नीट सांगत नाहीत.

रानपाखरू
नाही हो, नाशिक-पुण्याचे आम्ही. नागरिकत्व नकोय, मंगळवारचं विमान गाठायचंय.

मडगांवकार
बरं बरं. पण गोव्याचा माणूस तिथे गेला की त्याला काय वाटतं ते सांगू द्या. लिस्बनच्या जुन्या अल्फामा वस्तीतल्या गल्लीत वर दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, खाली दारात म्हातारी खुर्ची टाकून बसलेली असते. मला वाटलं पणजीच्या फोंतेन्यासलाच आलो. आमच्याकडची घरं रंगवलेली, तिकडे भिंतींवर आझुलेज, निळ्या-पांढऱ्या फरश्या. मोउरारियात गोंयकारांची खाणावळ आहे, तिथे शाकुती जेवलो. बिल देताना मालकाशी कोंकणीत बोलत होतो. आंतोनियु कोश्ता, आधी लिस्बनचा महापौर, मग २०१५ ते २०२४ पंतप्रधान, त्याचे वडील मूळ मडगावच्या घरातले. घरात त्याला 'बाबुश' म्हणत. हे माझ्या आजीला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना.

पायवाट
सोमवारी मग काय, हॉटेलात बसणार? सिंत्रा अजूनही होतं. पेनाला वर बस जाते.

तळ्याकाठी
४३४ नंबरची बस जाते. पण फाटकापासून राजवाड्यापर्यंत पुन्हा चढ आहे, आतली छोटी बस घेतली तरी गच्च्या, जिने आणि उतार आहेतच. उतरताना त्रास होतो असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय.

पायवाट
मग पेना सोडा आणि गावातला राष्ट्रीय राजवाडा करा, दोन पांढऱ्या शंकूसारख्या धुराड्यांचा. स्टेशनपासून पायी जाता येतं, डोंगर चढायचा नाही. माझ्या मामांना तोच जास्त आवडला होता.

मृद्गंध
ही सूचना चांगली आहे. पण पाऊस नसेल आणि सकाळी बाबांचा पाय हलका असेल तरच. आत्ता तिकीट काढू नका.

तळ्याकाठी
सोमवारसाठी मी गावच सुचवेन. हवं तर टिपून ठेवा.

ओरिएंतेहून मेट्रोची लाल लाइन, आलामेदाला बदलून हिरवी लाइन, बायशा-शियादोला उतरा. त्या स्टेशनात एकावर एक सरकते जिने आहेत, ते थेट वर शियादोत काढतात. अर्धी टेकडी न चालता चढून होते. तिथून कार्मोचं चर्च जवळ. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला. मग समुद्राची लाट, मग आग. कार्मोचं छत गेलं ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी आणि वर आभाळ. बाबांना ही जागा आवडणार. बाहेरच्या चौकातल्या छावणीतच २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशहा कायतानुची राजवट शरण आली. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं ते त्या क्रांतीनंतरच, त्याच वर्षअखेरीच्या कराराने.

खालचं बायशा म्हणजे भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री पोंबाल याने नव्याने आखलेलं गाव. सरळ रस्ते, सपाट. किल्ल्याच्या टेकडीवर जायचं तर रुआ दुश फांकेरुशवरच्या एका इमारतीत फुकट सार्वजनिक लिफ्ट आहे. वर निघालात की पुढे थोड्या अंतरावर शांव दु लोरेरुला दुसरी लिफ्ट. किंवा प्रासा दा फिगेराहून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्याशी सोडते. तटावर बाबांनी चढू नये, खालच्या अंगणातूनही सगळं गाव आणि तेजू नदी दिसते.

देशपांडे_काका
२८ नंबरची ट्राम कोणीच कशी सांगितली नाही? लिस्बनला जाऊन पिवळ्या ट्राममध्ये बसला नाहीत तर काय केलंत?

मृद्गंध
काका, ती सगळ्यांनाच हवी असते. ती सुटते त्या मार्तिम मोनीझला लांब रांग, आत उभ्याने दाटीवाटी, आणि खिसेकापूंना त्याहून सोयीची जागा नाही. गुडघ्याच्या माणसाला त्यात उभं करायचं?

देशपांडे_काका
आम्ही दुसऱ्या टोकाला, प्राझेरेशला जाऊन बसलो. तिथे गाडी रिकामी मिळते. खिडकीची जागा मिळाली. घराच्या भिंतीला हात लागेल इतक्या जवळून जाते. वळणावर चाकं करकरतात, समोरची माणसं दारात अंग चोरून उभी राहतात. माझ्या पत्नीला अजून आठवते ती ट्राम. आई-वडिलांना बसवाच.

मृद्गंध
प्राझेरेशहून असेल तर ठीक. आणि उंच चढाची, दोराने ओढली जाणारी ग्लोरिया फ्युनिक्युलर कोणी सांगितली तर धरून चालू नका. ३ सप्टेंबर २०२५ च्या अपघातात सोळा माणसं गेली, तेव्हापासून ती बंद झाली.

रानपाखरू
थँक्यू, आता काहीतरी दिसायला लागलंय. आई शाकाहारी आहे, तिचं काय करू?

तळ्याकाठी
अंडं चालतं का?

रानपाखरू
केकमधलं चालतं, नुसतं नाही.

तळ्याकाठी
मग पास्तेल द नाता खातील. बलकाचं असतं, पण कस्टर्डसारखं, वर दालचिनी. बेलेमच्या मठाजवळचं दुकान १८३७ पासूनचं. आत बसायला मोठ्या खोल्या आहेत, बाहेरची रांग बघून परत फिरू नका. काल्दु वेर्द हे हिरव्या पानांचं सूप मागवाल तर त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते, आधी विचारा. मार्तिम मोनीझच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आहेत, डाळभात मिळेल. आणि बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतात. खाल्लं तर पैसे लागतात. नको असेल तर परत पाठवा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

मडगांवकार
बाबा मासे खातात का? त्यांना भाजलेले तारले खायला घाला. सार्डिनचा हंगाम जूनचा, पण मिळतात.

रानपाखरू
खातात, सांगते त्यांना.
ठरलं: सोमवारी गाव आणि प्राझेरेशहून ट्राम, मंगळवारी उघडताना बेलेम. सिंत्रा पुढच्या वेळी. भावाला काय सांगायचं ते मी बघते. एकच राहिलं. सोमवारी संध्याकाळी बाबांना नुसतं बसून काही बघता येईल का? आणि मंगळवारी ओरिएंतेहून बेलेमला जिने न चढता कसं जायचं?

पायवाट
संध्याकाळी काइश दु सोद्रेहून कासिल्यासची फेरीबोट घ्या. दहाएक मिनिटांत पलीकडे. तेजू तिथे समुद्रासारखी रुंद आहे. सूर्य पुलामागे उतरताना बोटीतून अख्खं लिस्बन समोर लागतं, टेकडीवर टेकडी, सगळ्या भिंती उजळलेल्या. याच पाण्यातून ती जहाजं बाहेर पडली, बाबांना तिथेच सांगा. सिंत्रा नाही तर निदान हे तरी चुकवू नका.

तळ्याकाठी
बेलेमला रेल्वेही जाते, पण स्टेशनवरून रूळ ओलांडायला जिन्याचा पूल आहे. ट्रामच घ्या. मेट्रोने रॉसिओ, तिथून प्रासा दा फिगेरा चार पावलांवर. १५ नंबरची ट्राम तिथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते, गाडी नवीन आणि खालच्या पायरीची असते. मठाच्या समोरच थांबते. सामान हॉटेलातच ठेवा. परत येऊन घेतलंत की ओरिएंतेहून विमानतळ लाल लाइनवर तिसरं स्टेशन. पासपोर्टच्या रांगेसाठी हाताशी भरपूर वेळ ठेवा.