जुन्या गार्डन ट्रॅक्टरला नवा रंग : जीर्णोद्धार की कलप?

गंजप्रेमी (धागाकर्ता)

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे शेतातलं मोठं धूड नव्हे. सात-आठपासून पंधरा-सोळा अश्वशक्तीपर्यंतचं छोटं यंत्र, गवत कापणारं, बर्फ ढकलणारं, वेळ पडली तर लहानसा नांगर ओढणारं. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत ही यंत्रं भरपूर बनली आणि ती इतकी दणकट होती की आजही कुठल्या तरी शेडच्या कोपऱ्यात नाहीतर झुडपात रुतलेली सापडतात. ती आणून पुन्हा चालती करायची, हा माझा छंद. इथे बऱ्याच जणांचा आहे म्हणून हा धागा.

तक्रार अशी की ट्रॅक्टर सापडला रे सापडला की लोक पहिल्याच आठवड्यात तो सुटा करतात, सँडब्लास्ट मारतात (दाबाने वाळू मारून जुना रंग उडवतात), प्रायमर, दोन-तीन हात रंग, नवे स्टिकर. इंजिनाचं मग बघू. आधी कळस मग पाया! परवा असाच एक पाहिला. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६० साली आणलेला पहिला कब कॅडेट, सात अश्वशक्तीचं कोहलर इंजिन, मागचा गिअरबॉक्स त्याच कंपनीच्या फार्मॉल कब या शेतीच्या छोट्या ट्रॅक्टरच्या घराण्यातला. पिवळा-पांढरा रंग असा की त्यात बघून भांग पाडावा. मालकाने चावी फिरवली आणि मागे निळा धूर. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, तेल जळतंय. वरून कीर्तन आतून तमाशा.

माझ्याकडे व्हील हॉर्स कंपनीचा एक गार्डन ट्रॅक्टर आहे. लाल रंग विटून विटेसारखा झालाय. पण क्लचच्या पेडलवर बुटाच्या टाचेने घासून घासून लोखंड चांदीसारखं उघडं पडलंय, आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला, जिथे हात घालून ते उचलायचं, तिथे चार बोटांएवढा फिकट पट्टा आहे. कोणाची बोटं, मला माहीत नाही. त्यावर रंग मारायचा? माझा हात धजत नाही. मी फक्त धुतो, ग्रीसची पुटं काढतो आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवतो.

पत्रा आरपार सडलेला नसेल तर जुन्या रंगाला हात लावू नये, असं माझं मत आहे. नवा रंग म्हणजे म्हाताऱ्याला कलप.

तिसरा कोट

साफ असहमत.

गंज ही आठवण नसते हो, रासायनिक क्रिया असते. तुमच्या व्हील हॉर्सच्या फेंडरखाली हात घालून बघा. ओलं गवत अडकतं, वाळत नाही, आणि तिथे पत्रा पापुद्र्यांनी सुटत असतो. जवसाच्या तेलाने फोटो छान येतो, पण ऊन-पावसात ते टिकत नाही. पुन्हा पुन्हा लावावं लागतं आणि त्यावर धूळ बसते ती वेगळीच. (तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून ठेवता का? ठेवू नका. आपोआप पेट घेतात.)

आणि कीर्तन-तमाशाचं म्हणाल तर एका आळशी माणसावरून सगळ्या रंगाऱ्यांना का झोडता? माझं कोहलर के-१८१ इंजिन आधी पूर्ण उघडलं. सिलिंडर मोजला, व्हॉल्व्ह घासून बसवले, इग्निशनच्या पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, फीलर गेजने लावला. पहिल्या ओढीत सुरू झालं तेव्हा कुठे रंगाचा डबा उघडला. ज्या लोकांनी हा ट्रॅक्टर बनवला त्यांनी तो विटका बनवला नव्हता. तो लाल होता. मी त्याला लालच करतो.

गंजप्रेमी

चिंध्यांबद्दल बरोबर. मी त्या एकेक पसरून बाहेर वाळवतो, तरी नव्या लोकांसाठी लिहिलंत ते चांगलं केलंत.

पण "बनवला तसा" हे पटत नाही. माझ्या ट्रॅक्टरच्या फेंडरच्या आतल्या बाजूला कारखान्याचा रंग अजून शाबूत आहे. पातळ, एका कडेला ओघळ आलेला, दोन बोल्ट जागेवर असतानाच रंगवलेले. तुम्ही करता ते बघा: लांबी (पुट्टी) भरून पत्रा सपाट, तीन हात रंग, वर क्लिअर कोट (पारदर्शक थर), मग पॉलिश. असा ट्रॅक्टर कुठल्याच कारखान्यातून कधी बाहेर पडला नव्हता. मोटारीचा रंग चढवून त्याला जीर्णोद्धार म्हणू नका एवढंच माझं म्हणणं.

तिसरा कोट

क्लिअर कोट मी मारत नाही. सिंगल स्टेज इनॅमल, म्हणजे रंगातच चमक, वर वेगळा थर नाही. पण ओघळसुद्धा हुबेहूब काढायला सांगत असाल तर धन्य आहे. :)

पानाबारा

मी दोन्हीकडचा. किंवा कोणाकडचाच नाही. इंजिन उघडून देणारा माणूस आहे, रंगाशी माझा संबंध एवढाच की तो माझ्या कामात येतो.

रंगवणारे काय गोंधळ घालतात ते सांगतो. सँडब्लास्ट. वाळूचा एक कण कार्ब्युरेटरच्या भोकात, दोन कण बेअरिंगमध्ये, आणि ताजं केलेलं इंजिन वर्षात पुन्हा माझ्याकडे. शिवाय पातळ बॉनेटवर जोराने मारलं की पत्रा वाकतो, मग लांबी भरत बसा. घरच्या घरी गंज काढायचा असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक भागाला, धन टोक एखाद्या टाकाऊ साध्या लोखंडी तुकड्याला. दुसऱ्या दिवशी गंजाचा काळा चिखल ब्रशने निघतो आणि चांगलं लोखंड जागेवर राहतं. पण तो टाकाऊ तुकडा स्टेनलेसचा नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नका, खाऊन जाईल. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो.

न रंगवणारेही साधे नाहीत. "मूळ आहे, मूळ आहे" म्हणत तडकलेल्या वायरीसुद्धा तशाच ठेवतात. पेट्रोलच्या टाकीशेजारी उघडी तांब्याची वायर, याला मी इतिहास म्हणत नाही.

नवशिका

मध्येच विचारतो, माफ करा. मी महिनाभर खपून सगळा रंगवला. फ्रेम, इंजिनाचे पाय, ब्रॅकेट, सगळं सुटं करून, एकदम चकाचक. रंगवण्याआधी सुरू होत होता. आता चावी फिरवली की टक् एवढाच आवाज. बॅटरी नवी आहे. स्टार्टर-जनरेटर गेला का?

पानाबारा

गेला नसणार. बॅटरीची ऋण वायर कुठे जोडली आहेस? फ्रेमला. तुझ्या ट्रॅक्टरमध्ये वीज परत जायची वाट लोखंडातूनच आहे, आणि प्रत्येक सांध्यावर तू रंगाची भिंत घातलीस.

गिअर न्यूट्रलला टाक. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकवर, उघडं लोखंड दिसेल तिथे. मग चावी फिरव. फिरला तर अर्थिंग गेलंय. व्होल्टेज रेग्युलेटरच्या बुडाखालीही बघ, नाहीतर सुरू होईल पण चार्जिंग होणार नाही.

अबोली

वाद वाचतेय आणि दोघांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटतेय.

माझ्याकडे जॉन डिअर ११२ आहे. घेतला तेव्हा अर्थातच हिरवा. जॉन डिअर म्हटलं की हिरवाच. बॉनेटच्या बिजागरीपाशी रंगाचा एक टवका उडालेला होता आणि खाली नारिंगी दिसत होतं. वाटलं, रेड ऑक्साइड प्रायमर असेल. पण प्रायमर इतका तेजदार नसतो. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून नाण्याएवढ्या जागेत गोल गोल घासत गेले. झाडाच्या बुंध्यात वर्तुळं दिसतात तशी दिसायला लागली: बाहेर हिरवं, आत राखाडी, त्याच्या आत नारिंगी, मग पुन्हा प्रायमर, मधोमध टिकलीएवढा चकाकता पत्रा. सीट काढली तर तिच्याखाली कोपऱ्यात मळकट पांढरा रंग.

तेव्हा समजलं हा कोण आहे ते. जॉन डिअरने १९६९ ते १९७१ या काळात "पॅटिओ" नावाची मालिका काढली होती. अंग डॉगवुड व्हाइट, म्हणजे पांढरं, आणि बॉनेट व सीट गिऱ्हाइकाच्या पसंतीचं: लाल, पिवळं, निळं किंवा सनसेट ऑरेंज. माझा नारिंगीवाला. मधल्या कोणा मालकाने "जॉन डिअर नारिंगी कसा?" म्हणून तो हिरवा करून टाकला असणार.

आता गंजप्रेमी, तुमचं ऐकून जुन्या रंगाला हात लावला नसता तर मी एका अनोळखी माणसाचा गैरसमज जपत बसले असते. आणि तिसरा कोट, तुमचं ऐकून सरळ सँडब्लास्ट केला असता तर झकास हिरवा मारून मोकळी झाले असते, आणि खाली काय होतं ते कधीच कळलं नसतं.

मी काय केलं? हाताने, पाण्याने, हिरवा थर उतरवला. फक्त बॉनेटला तीन महिने लागले. नारिंगी काही ठिकाणी जाड आहे, काही ठिकाणी इतका पातळ की खालचं राखाडी डोकावतं. तो तसाच ठेवला. फ्रेम मात्र नव्याने पांढरी रंगवली, कारण तिथे वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गंजप्रेमी

वा! बॉनेटचा फोटो टाकाच. पण हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. कोणीतरी "छान दिसावा" म्हणून रंग मारला आणि सत्य झाकलं गेलं.

तिसरा कोट

थांबा, थांबा. त्याने रंग मारला म्हणूनच खालचा नारिंगी इतकी वर्षं ऊन-पावसापासून वाचला. नाहीतर अबोलीताईंना वर्तुळं नाही, भोक सापडलं असतं.

आणि एक प्रश्न. हिरवा थर हाही त्या ट्रॅक्टरच्या आयुष्याचाच भाग ना? कोणीतरी आपल्या अंगणात बसून, ब्रश घेऊन, मन लावून तो दिला असेल. कदाचित नारिंगी ट्रॅक्टरवर बसायची त्याला लाज वाटत असेल. अबोलीताईंनी तो घासून पाण्यात सोडला, आणि व्हील हॉर्सवरच्या बोटांच्या खुणेसाठी गलबलणारे गंजप्रेमी टाळ्या वाजवतायत! हे कसं काय?

बाकी मी असतो तर सनसेट ऑरेंजची छटा जुळवून बॉनेट पूर्ण रंगवलं असतं. ज्याने तो पहिल्यांदा विकत घेतला, त्याने चार रंगांतून नारिंगी निवडला तो ठसठशीत दिसावा म्हणून. पुसट नारिंगी त्याला आवडला असता असं मला वाटत नाही.

गंजप्रेमी

पकडलंत.

दोन दिवस विचार करून लिहितोय. मला रंगाचं पडलेलं नाही, झिजेचं पडलंय. ज्या थरावर माणसाचं काम उमटलंय तो थर ठेवावा. हिरव्यावर तसं काही नसेल तर तो गेला त्याचं मला फारसं दुःख नाही.

अबोली

हिरव्यावरही होतं की. दोन्ही गुडघे टेकायची जागा टाकीपाशी गुळगुळीत झालेली होती. हिरव्याचीच झीज. ती मी घासली.

आणि खरं सांगू, घासताना थोडं वाईट वाटलं होतं. पण खाली नारिंगी आहे हे समजल्यावर थांबवेना.

मास्कवाली

तुमचा वाद रंगाचा, मला काळजी तुमच्या फुप्फुसांची. इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं हे कोणीच लिहिलं नाही. अबोलीने ओलं घासलं ते उत्तम, धूळ उडत नाही. पण तो गाळही गटारात सोडायचा नसतो. वर्तमानपत्रावर गोळा करून वाळवायचा, बांधायचा आणि घातक कचऱ्यात द्यायचा. तारेचा ब्रश ड्रिलला लावून कोरडं घासणाऱ्यांनी घरात लहान मूल असेल तर तो उद्योग बंदच करावा. कपड्यांवरून धूळ आत येते.

नवा रंग मारणाऱ्यांना: हार्डनर घालायच्या बऱ्याच दोन-घटकी रंगांत आयसोसायनेट असतं. साधा कोळशाचा मास्क त्याला पुरेसा नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे कणभर वाफेनेही दमा उठतो. तेवढी सोय नसेल तर हार्डनर न लागणारं साधं इनॅमल घ्या आणि ब्रशने मारा. चमक थोडी कमी येईल.

तिसरा कोट

हे मान्य. मीही सुरुवातीची दोन वर्षं तोंडाला रुमाल बांधून फवारलंय. मूर्खपणा होता.

मास्कवालींचं ब्रशचं म्हणणं मात्र लोक हसण्यावारी नेतात. चांगला मऊ ब्रश, थोडा पातळ केलेला रंग, सावलीत सपाट ठेवलेला पत्रा असेल तर इनॅमल आपोआप पसरतं, ब्रशच्या रेषा बुजतात. उभ्या पत्र्यावर तेच केलं की ओघळ. गंजप्रेमींना हवा तसा.

गंजप्रेमी

:) पाठवा एक बॉनेट, ओघळासकट ठेवून घेतो.

अबोली, फोटो राहिलाच.

नवशिका

पानाबारा दादा, जंपर केबल लावली, फिरला! पहिल्या झटक्यात सुरू झाला. मग इंजिनाच्या चारही बोल्टांखालचा आणि रेग्युलेटरच्या बुडाचा रंग खरवडून काढला, खाली दातेरी वॉशर घातले. आता केबलशिवायही चालतो आणि चार्जिंगही होतंय.

फक्त पाच ठिकाणी नवा रंग गेला. ती जागा पुन्हा रंगवू की तशीच ठेवू?

पानाबारा

बोल्ट आवळून झाले असतील तर वरून रंगव. आत शिरू देऊ नकोस.

गंजप्रेमी

तशीच ठेव.