अन्नदानाच्या कामात स्वयंसेवक आणि पगारी कर्मचारी यांना एकत्र कसे शिकवावे?

होटगी_रोड (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरात आम्ही एक लहान संस्था चालवतो. लग्नसराईत मंगल कार्यालयांत उरलेले अन्न गोळा करून आणि एरवी स्वतःच्या स्वयंपाकघरात आमटी, भात व चपात्या करून आम्ही ते शासकीय रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आणि रेल्वे स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या माणसांना वाढतो. पगारावर पाच जण आहेत: दोन आचारी, एक मदतनीस, टेम्पोचालक आणि नोंदी ठेवणारा एक तरुण. स्वयंसेवक चाळीसच्या आसपास आहेत. त्यांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि काही गृहिणी आहेत.

गेल्या मे महिन्यात एका लग्नातून रात्री उशिरा मसालेभाताची दोन पातेली आली. भात दुपारच्या पंगतीसाठी शिजवलेला होता. आणायला गेलेल्या स्वयंसेवकाने वास घेऊन पाहिला आणि तो चांगला असल्याचे ठरवले. आमच्या आचारी मावशींनी झाकण काढताच हा भात वाढू नका असे सांगितले, परंतु निर्णय घेणारे आम्ही सुशिक्षित आणि सांगणाऱ्या मावशी स्वयंपाकघरातल्या, म्हणून त्यांचे कोणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी तीन जणांना उलट्या झाल्याचे समजले. तिघेही बरे झाले, पण त्या रात्रीची जबाबदारी माझी होती आणि ती मी विसरू शकत नाही.

त्यानंतर आम्ही पडद्यावर चित्रे दाखवून दोन तासांचे प्रशिक्षण घेतले. सर्वांनी टिपणे काढली, पण महिनाभराने कोणाच्या वागण्यात काही फरक दिसला नाही. नेमके काय शिकवावे, ते कोणी शिकवावे आणि सतत बदलणाऱ्या स्वयंसेवकांना ते किती वेळा शिकवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

अन्नतंत्र_निवृत्त

ताई, आपण घडलेली गोष्ट लपवली नाही, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. भाताच्या बाबतीत वासावर विसंबणे ही सर्वांत मोठी चूक आहे आणि प्रशिक्षणाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. तांदळात बॅसिलस सेरेउस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की हे बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. भात दिसायला आणि वासाला उत्तम असूनही बाधू शकतो, तो यामुळेच. हाताच्या चिघळलेल्या जखमेतून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूचेही असेच आहे. म्हणून 'एक उकळी काढली की झाले' ही समजूत प्रत्येक नव्या माणसाच्या मनातून पहिल्याच दिवशी काढावी लागते.

लक्षात ठेवण्यासारखे आकडे दोनच आहेत. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली असावे. या दोहोंच्या मधल्या तापमानात शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, आणि पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तर ही मुदत एक तासावर आणावी. मात्र हे आकडे फळ्यावर लिहून शिकवू नका. टोचायचा थर्मामीटर प्रत्येकाच्या हातात द्या, एकाच पातेल्यातल्या भाताचे वरचे आणि मधले तापमान मोजायला सांगा, मग तोच भात परातीत पसरून अर्ध्या तासाने पुन्हा मोजायला लावा. खोल पातेल्यातला भात मध्यभागी किती वेळ कोमट राहतो, हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

कायद्याची बाजूही पाहावी. उरलेले अन्न गोळा करून वाटण्याविषयी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे 2019 चे स्वतंत्र विनियम आहेत आणि असे काम करणाऱ्या संस्थेने नोंदणी किंवा परवाना घेणे अपेक्षित आहे. याच प्राधिकरणाचा 'फोस्टॅक' हा प्रशिक्षणक्रम आहे. पगारी कर्मचाऱ्यांपैकी किमान दोघांना तो पूर्ण करू द्या. त्यासाठी आधी आपल्या आचारी मावशींनाच पाठवा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पाच_शेगड्या

वरच्या उत्तरातील शास्त्राविषयी दुमत नाही, परंतु आपली अडचण ज्ञानाची नव्हतीच. मावशींना ते ज्ञान होते आणि त्यांनी ते वेळेवर सांगितलेही होते. त्यांच्या नकाराला वजन नव्हते, आणि ते वजन प्रमाणपत्राने येणार नाही. संस्थेच्या विश्वस्तांनी ठराव करून सर्वांदेखत जाहीर करायला हवे की स्वयंपाकघराच्या दारात आलेले अन्न घ्यायचे की परत पाठवायचे, याचा शेवटचा शब्द आचाऱ्याचा राहील आणि अध्यक्षांनाही तो फिरवता येणार नाही. आम्ही हे केले तेव्हा दोन जुने देणगीदार दुखावले. एक वर्षभराने परत आले, दुसरे आले नाहीत, आणि तरीही तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते.

शिकवण्याचे कामही आचाऱ्यांकडेच द्या आणि त्याचे वेगळे मानधन द्या. आमच्याकडे नवा स्वयंसेवक पहिल्या तीन पाळ्या काहीही वाढत नाही. पहिल्या पाळीत तो भांडी घासतो आणि भाजी निवडतो, दुसऱ्या पाळीत टेम्पोबरोबर जातो, आणि तिसऱ्या पाळीत रांगेशेजारी उभा राहून नुसते पाहतो. विद्यार्थ्यांना सुरुवातीला हे कमीपणाचे वाटते, पण जो हात आधी पातेल्याच्या बुडाशी गेला आहे, तो हात नंतर ओगराळे सांभाळून धरतो. एक पाळी संपली की दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसून आज काय चुकले ते बोलायचे आणि बोलण्याची सुरुवात पगारी माणसाने करायची, असाही नियम आहे. स्वयंसेवक सुट्टीत गावी जातात, परीक्षेला गैरहजर राहतात आणि शिक्षण संपले की सोडून जातात. शिकलेले टिकते ते रोज येणाऱ्या पाच जणांपाशी.

मंगल कार्यालयातून अन्न नाकारून परत येणे हे सर्वांत अवघड कौशल्य आहे. यजमान हात जोडून उभे असतात, अन्न पूर्णब्रह्म म्हणत लहानाचे मोठे झालेल्या मुलाला ते टाकायला सांगणे जिवावर येते, आणि मग तो घेऊन येतो. म्हणून आम्ही हा प्रसंग स्वयंपाकघरातच वठवून घेतो. एक जण यजमान होतो आणि दुसऱ्याने तीनच प्रश्न विचारायचे: अन्न किती वाजता शिजले, तेव्हापासून कशात ठेवले होते, आणि पंगतीत फिरलेले आहे का. उत्तर पटले नाही तर नमस्कार करून निघायचे.

घरकुल_कुंभारी

मी विडी कामगारांच्या वस्तीत शिधावाटपाचे काम करते. इथे आतापर्यंत सगळी चर्चा पातेल्याभोवती झाली, म्हणून मी पातेल्यापुढच्या रांगेबद्दल लिहिते.

सोलापुरात रांगेत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे असतात. 'ऊटा आयता?' किंवा 'तिन्नारा?' म्हणजे जेवलात का, एवढे दोन शब्द जरी स्वयंसेवकाला आले, तरी समोरच्या आजींचा चेहरा बदलतो. प्रत्येक भाषेतील आठदहा वाक्ये आम्ही भिंतीवर देवनागरीत लिहून ठेवली आहेत आणि ती शिकवण्याचे काम त्याच वस्तीतल्या बायका करतात.

छायाचित्रांविषयी आमचा नियम कडक आहे: वाढताना फोन खिशात. देणगीदारांना दाखवायचे असेल तर स्वयंपाकघराचे, धान्याच्या पोत्यांचे छायाचित्र काढावे. यंत्रमाग बंद पडल्यामुळे पहिल्यांदाच रांगेत उभ्या राहिलेल्या एका माणसाने ताट हातात असताना समोर फोन दिसताच ते ताट खाली ठेवून निघून गेल्याचे मी पाहिले आहे. तो पुन्हा आला नाही. अशा माणसाला आपणच उपाशी पाठवतो, हे प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत सांगावे.

स्वयंसेवकांना शिधापत्रिकेची माहिती असणेही तितकेच गरजेचे आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळायला हवे, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. एक वेळचे जेवण वाढताना ज्या कुटुंबाचे धान्य अडले आहे ते ओळखून त्याला पुरवठा कार्यालयापर्यंत सोबत करणारा एक जण प्रत्येक पाळीत असावा. हे काम आपल्याकडील नोंदी ठेवणारा तरुण उत्तम करील.

शेवटी एक गोष्ट, जी लहान संस्थांमध्ये राहून जाते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेविकांनाही लागू होतो आणि दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. रात्रीच्या टेम्पोबरोबर मुली जाणार असतील, तर तक्रार कोणाकडे करायची हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

होटगी_रोड

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. आज सकाळी मी मावशींना हे सर्व वाचून दाखवले. नकाराच्या अधिकाराविषयी त्या काही बोलल्या नाहीत, पण प्रशिक्षण त्यांनी घ्यावे हे ऐकल्यावर त्यांनी लगेच विचारले की मुलांना रविवारी सकाळी सहाला बोलावता येईल का, कारण भात शिजताना दाखवायचा असेल तर तीच वेळ बरी. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडते. थर्मामीटर कालच आणला, परंतु उकळत्या पाण्यात तो 98 अंशांच्या थोडेसेच वर दाखवतो आहे. बदलून घ्यावा का?

अन्नतंत्र_निवृत्त

बदलू नका, तो बरोबर आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे पाणी 100 अंशांच्या थोडे आधीच उकळते. खात्रीसाठी बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून त्यात तो धरावा, शून्य दाखवायला हवे. ही तपासणी दर आठवड्याला मावशींच्या देखरेखीखाली एकेका स्वयंसेवकाकडून करून घ्यावी, आणि दोन पातेल्यांच्या मध्ये थर्मामीटरची दांडी पुसून निर्जंतुक करण्याची सवयही त्याच वेळी लावावी.